मानस

बांधाच्या पोटात बसवलेल्या लाकडी दाराला
जुव्यात आम्ही मानस म्हणतो.
भरतीला ते आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं.
माझं काम थोडं: शेवाळ खरवडणं, फटींत राळ भरणं,
आणि कुणी विचारलंच
तर पाणी कधी चढेल ते सांगणं.

विचारलं रवळोजी सुभेदारानं.
आश्विन वद्य तेरस, मागची रात्र.
एकटाच पोहून आला होता, मिशीतून खारं पाणी निथळत.
"मानस?" तो हसला. "आमच्याकडे मानस म्हणजे मन."
मग नाव विचारलं.
मी म्हटलं, पाश्कोल.
"आणि त्याआधी?"
मी पाण्याकडे बघत राहिलो.
पलीकडच्या काठावर माझा भाऊ अजून नागू आहे.

चिखलात त्यानं तिसऱ्यांच्या शिंपल्या मांडल्या.
ही टेकडी, हा कोट. ही तुझी शेतं.
ही सगळ्यात मोठी शिंपली, शहराकडून येतील त्या होड्या.
"चौदसचं पाणी?"
पहाटेच्या आधी तळ दिसेल, मी म्हटलं,
कमरेपर्यंत चिखल, खांद्यापर्यंत कुठेच नाही.
ऊन तापेस्तोवर वाट बुडेल,
ती दिवेलागणीपर्यंत.
"म्हणजे दिवसभर आम्ही बेटावर कोंडलेले."
होय.
"छान," तो म्हणाला. "त्यांनाही तसंच वाटू दे."

त्याच्याबरोबरचा पोरगा, जिवाजी, दुसऱ्या रात्री पुटपुटला,
कोट घेतला की राखूया की.
सुभेदार बूट पिळत होता.
"बेट राखायला गलबतं लागतात.
माझ्याकडे दोनशे माणसांचे पाय आहेत.
कोट घ्यायचा नाही, गळाला लावायचा."

चौदसला, काळोखात, ते आले.
तोंडात कापडाचे बोळे, डोक्यावर बारूद.
पलीकडे त्याच घटकेला नागू
अंगणात अंगठ्याखाली कारीट फोडत असेल.
इकडे आम्हांला बंदी.
माझा अंगठा उगाच चिखलात दाबला गेला.

कोट पडायला फार वेळ लागला नाही.
धूर चढला, शहरानं पाहिला,
आणि भरतीच्या पाठीवर बसून होड्या आल्या.
लोखंडी टोप, लांब बंदुका.
सरळ उतरले कोरगुटात,
पिकलेल्या, आठवड्यात कापणीला येणाऱ्या कोरगुटात,
कोटाकडे नजर लावून.

टेकडीवर पिवळं फडकं हललं.

भरतीनं दाबून धरलेलं दार उघडत नाही.
तोडावं लागतं.
कुऱ्हाड सुभेदारानं दिली नव्हती.
माझीच होती.

पुढचं मी सांगत नाही.
खाजणात पाणी कसं शिरतं ते बघितलेल्याला सांगायला नको,
न बघितलेल्याला कळणार नाही.
फक्त एक टोप, उपडा, बराच वेळ तरंगत होता
आणि त्यात एक खेकडा.

दिवेलागणीला वाट उघडी पडली.
माणसं जखमींना पाठुंगळी घेऊन उतरू लागली.
सुभेदार सगळ्यात शेवटी.
मोडक्या दारापाशी थांबला.
"इथे पुन्हा भात कधी?"
तीन पावसाळे. मीठ धुऊन जायला.
त्यानं बोटं मोडली, एक, दोन, तीन,
माणसं मोजावीत तशी.
मग मांडायला शिंपली नव्हती त्याच्या हातात.
"हे मी नकाशात धरलं नव्हतं," म्हणाला.
खोटं असावं. धरलं असणार.
चांगला सरदार होता.

हातातलं कडं काढून देऊ लागला.
मी म्हटलं, सागवान पाठवा.

सागवान आलं नाही.
दार फणसाचं केलंय, फुगतं, नीट मिटत नाही.
दुसरा पावसाळा सरला, मातीला जीभ लावली की अजून खारट.
परवा शहरातून नवा कप्तान आला,
गोरा, कोवळा, पायांत चांगले बूट.
दुभाष्याकडून विचारलं,
पलीकडे चालत जायचं तर पाणी कधी उतरतं?

मी चंद्राकडे बघितलं.
बोटांवर तिथी मोजली.
मग अगदी नम्रपणे
त्याला भरतीची वेळ सांगितली.